पहिल्या उतारूची खोली

रोह्याला एस.टी.नं गेलात तर एका बाजूनं गावात शिरताना कंडक्टर ओरडतो, "रेल्वे हॉटेल! रेल्वे हॉटेलवाले आहेत का कोणी?" तिथे उतरून पाहिलंत तर रेल्वे नाही आणि हॉटेलही नाही. मोबाइलची दोन दुकानं, एक पंक्चरवाला, आणि मागच्या शेतांतून गेलेले विजेचे उंच मनोरे. हे नाव कुठून आलं ते नव्या माणसांना ठाऊक नसतं. जुनी माणसं सांगतात, आणि सांगताना हसतात. मला हसू येत नाही, कारण ते हॉटेल माझ्या वडिलांचं होतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आम्ही म्हणजे मी एकटीच. आमची खाडीलगतच्या खारीत भातशेती होती. त्यातली बरीचशी कूळकायद्यात कुळांकडे गेली. रास्तच झालं, आमच्या घरातल्या कुणी कधी नांगराला हात लावला नव्हता. अण्णांकडे उरला रस्त्याकडेचा एक उंचवट्याचा तुकडा आणि भरपूर मोकळा वेळ. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तशातली गत. फरक एवढाच, की अण्णांनी आधी भिंत बांधली.

तरुणपणी ते मामांबरोबर मुंबईला गेले होते आणि तिथल्या एका मोठ्या स्टेशनासमोरच्या मोठ्या हॉटेलात त्यांनी एकदा, एकदाच, चहा घेतला होता. त्या चहाची गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली की मीच तो प्यायल्यासारखी मला तो आठवतो. दारात पगडीवाला माणूस, मेजावर हातानं दाबायची घंटी, पितळी बिल्ले लावलेल्या चाव्या, वर जाणारा रुंद जिना. "माणूस गाडीतून उतरतो आणि सरळ हॉटेलची पायरी चढतो," अण्णा म्हणायचे. "ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही. त्याला शहर म्हणतात." आमच्या रोह्याला तेव्हा ऊन आणि पाऊस दोन्ही चांगलं लागायचं.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. मी सात-आठ वर्षांची होते. भातकापणी उरकली होती. एके दिवशी तीन पायांवर उभी राहणारी दुर्बीण घेऊन दोन साहेब आणि साखळी ओढणारे चार खलाशी आमच्या शेतात उतरले. त्यांनी लाल-पांढरी काठी इकडून तिकडे नाचवली आणि जागोजाग खुंट्या ठोकल्या. अण्णा टोपी घालून बांधावर गेले आणि त्यांनी विचारलं, काय चाललंय. त्यातला मोठा साहेब दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाला, "इथून लाइन जाणार."

एवढंच. अण्णांनी पुढे काहीही विचारलं नाही. आमच्या भागात लाइन म्हणजे आगगाडी. कोकणात गाडी येणार, येणार, हे त्यांच्या आजोबांपासून ऐकत आलेले लोक आम्ही. पनवेल कुठे, आपटा कुठे, पेण कुठे, रोहा कुठे, सगळ्या पोरांना गाडी येण्याच्या क्रमानं गावं पाठ. त्या साहेबानं 'लाइन' म्हटलं आणि अण्णांच्या डोळ्यांसमोर धूर निघाला, शिट्टी वाजली, पगडीवाला दारात उभा राहिला.

तीन दिवस त्या सहा माणसांचं जेवण आमच्याकडे होतं. आई वाढायची. त्या खलाशांमध्ये एक पेणच्या खाडीकडचा, मिठागरावर वाढलेला होता. आईचं माहेर पेणचं, म्हणून तिनं त्याला जवळच्या माणसासारखं विचारलं, "कसली रे लाइन ही?"

"तारंची गो बाय," तो म्हणाला. "इजंची लाइन हाय. मोटं मोटं लोकंडी खांब येनार हायत."

आईनं ते संध्याकाळी अण्णांना सांगितलं. मी तिथेच पाटी घेऊन बसले होते. अण्णा मनापासून हसले. "अगं, तो साखळी ओढतो. साखळी ओढणाऱ्याला लाइन कुठे जाते ते काय कळणार?" आई पुढे काही बोलली नाही. ती एकदाच बोलायची आणि मग कामाला लागायची. हा तिचा गुण होता की दोष, यावर मी उभा जन्म विचार केला आहे.

हॉटेल बांधायला दोन वर्षं लागली. रोह्यात त्या तोडीची इमारत नव्हती, हे मी लेक म्हणून सांगत नाही, चेष्टा करणारेही मान्य करत. दगडी जोतं, दुमजली, वर मंगलोरी कौलं, पुढे तीन कमानी, रस्त्यावरून थेट वर चढणाऱ्या चौदा पायऱ्या आणि मधल्या कमानीवर भलंमोठं घड्याळ. पाटी रंगवायला अलिबागचा पेंटर आणला होता. त्यानं 'ग्रँड रेल्वे हॉटेल' अशी अक्षरं काढली आणि उरलेल्या जागेत स्वतःच्या मनानं एक इंजिन काढून दिलं. लोक 'गरांड' म्हणू लागले. पुढे 'गरांड' गळालं आणि 'रेल्वे हॉटेल' राहिलं. तालुक्यात पत्ता सांगायचा तर तिथूनच सुरुवात: रेल्वे हॉटेलच्या अलीकडे, रेल्वे हॉटेलला वळून, रेल्वे हॉटेलसमोर वरात थांबली होती तेव्हा. लग्नाचे फोटो लोक आमच्या पायऱ्यांवर काढायचे. गावाची खूण झाली ती इमारत, तीही आत कोण उतरतं याचा कुणालाच पत्ता नसताना.

पाटी वाळते न वाळते तोच मनोरे आले. बैलगाड्यांतून लोखंड आलं, खुंट्या होत्या तिथे खड्डे खणले गेले, आणि बघता बघता आमच्या परसामागून, शेतं ओलांडून, तारा थेट डोंगराकडे गेल्या. सगळा बाजार आमच्याकडे बघत होता. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' हे त्या वर्षी मी इतक्या तोंडांनी ऐकलं की शाळेत बाईंनी म्हणी लिहायला सांगितल्या तेव्हा मी ती सोडून बाकीच्या लिहिल्या.

मला वाटलं, अण्णा आता खचतील. अण्णा चौदाव्या पायरीवर उभे राहून ताऱ्यांकडे बघावं तसे तारांकडे बघत होते. मग वळून आईला म्हणाले, "मुंबईत गाड्या कशावर चालतात?"

आईनं हातातली कळशी खाली ठेवली.

"विजेवर. मग आधी काय येणार? तारा येणार. रूळ मागाहून." आणि त्यांनी समाधानानं टाळी वाजवली. आईनं कळशी उचलली आणि ती विहिरीवर गेली.

हॉटेल चाललं, पण ते खालच्या मजल्यावर. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा-भजी. उसळ, पाव, बटाटेवडा, पावसाळ्यात कांदाभजी. ते सगळं आई करायची. मदतीला एक बाई यायच्या, पण शेगडीपाशी आईच. भुसा ठासून भरलेल्या दोन मोठ्या शेगड्या सकाळी पेटवायच्या, त्या दिवसभर धुमसायच्या. मागच्या त्या अंधाऱ्या स्वयंपाकघराला एकच झरोका होता, कारण अण्णांनी मुंबईच्या हॉटेलचं स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं, पाहिलं नव्हतं म्हणून बांधताना त्याचा विचारही केला नव्हता. स्वयंपाकघराला लागून आमची राहायची खोली. वरच्या मजल्यावर तीन खोल्या. दोन आणि तीन नंबर मागच्या अंगाला, नेमक्या शेगड्यांच्या वर. तिथे औषधांचे नाहीतर बियाण्यांचे फिरते एजंट एखाद दिवस राहायचे आणि जाताना कपड्यांना धुराचा वास येतो म्हणून कुरकुरायचे.

एक नंबरची खोली मात्र पुढच्या कोपऱ्यात होती. दोन मोठ्या खिडक्या, एक रस्त्याकडे, एक खाडीकडे. दुपार कलली की खाडीवरचा वारा एकीतून आत यायचा आणि दुसरीतून बाहेर पडायचा. कापसाची नवी गादी, पांढरी मच्छरदाणी, मुंबईहून आणलेला आरसा, खुर्ची, हात पुसायला टॉवेल. ही खोली पहिल्या उतारूची. म्हणजे गाडीनं रोह्याला येणाऱ्या पहिल्या माणसाची. एजंट असो, मामलेदार असो, लग्नाचं वऱ्हाड असो, एक नंबर कुणाला मिळायची नाही. एकदा पाव्हण्यांतलं कुणी हट्टाला पेटलं तर अण्णा म्हणाले, "गाडीनं या. आत्ता उघडतो."

खोली रोज झाडायची, शनिवारी टॉवेल बदलायचा, आणि रोज सकाळी तांब्यात ताजं पाणी भरून पेला पालथा घालून ठेवायचा, असा अण्णांचा दंडक होता. उतारू काय सांगून येतो? हे पाणी वर नेण्याचं काम आईचं.

आईला दमा होता. आधी फक्त पावसाळ्यात, मग थंडीतही, मग शेगड्या पेटल्या की रोजच. जिना चढताना ती मध्ये दोनदा थांबायची. मी बारा-तेरा वर्षांची असताना एकदा तिला शोधत वर गेले तर एक नंबरचं दार लोटलेलं. आई आत होती. गादीवर नाही, खुर्चीवर नाही. खाडीकडच्या खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. पदर बाजूला, डोळे मिटलेले, आणि तोंड थोडं उघडं. तिचा श्वास वाजत नव्हता. आमच्या घरात तिचा श्वास वाजत नसला की शांतता चुकल्यासारखी वाटायची.

मला पाहून ती उठली. "पाच मिनटं बसते रोज," ती म्हणाली. "ह्यांना सांगू नको हं." मी सांगितलं नाही. ती पाणी ठेवायला जायची आणि पाच मिनिटं उसनी घ्यायची, एवढं आमच्या दोघींत राहिलं.

माझी मॅट्रिक झाली त्या पावसाळ्यात ती फार आजारी पडली. ओठ निळे पडले. डॉक्टर आले, त्यांनी इंजेक्शन दिलं आणि स्वयंपाकघराकडे बघून अण्णांना सरळ म्हणाले, "यांना धुरातून काढा. वर मोकळ्या हवेची खोली आहे ना तुमच्याकडे? तिथे झोपवा."

डॉक्टर गेल्यावर मी विषय काढला. अण्णा आईच्या पायांशी बसून तिचे तळवे चोळत होते. ते दुष्ट नव्हते, हे मला इथेच सांगितलं पाहिजे, नाहीतर मी खोटं लिहिते आहे असं होईल. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तरी ते म्हणाले, "दोन नंबरमध्ये ने की."

"दोन नंबर शेगडीवर आहे अण्णा."

"अगं पण एक नंबर... गाडी आपट्यापर्यंत आलेली आहे. आता किती दिवस? आजारी माणसाच्या अंथरुणावर उतारूला कसं झोपवायचं? हॉटेलचं नाव पहिल्या माणसाच्या तोंडून होतं. एवढा पावसाळा निघू दे. मग बघू."

गाडी आपट्यापर्यंत आली होती हे खरं. ती तिथेच बसकण मारून वर्षानुवर्षं बसणार आहे हे अण्णांना कळत नव्हतं. मी चिडून काहीतरी बोलणार होते, तर आईनं हात हलवला. "राहू दे गो. त्यांचं तेवढं एकच हाय."

माझी मॅट्रिकची बुद्धी मला सांगत होती की हे चूक आहे. पण आमच्या घरात एखादी गोष्ट चूक आहे एवढ्यावरून ती थांबत नसे. मी आईच्या ऐवजी शेगडी सांभाळू लागले. पाणी न्यायलाही मीच जाऊ लागले. त्यानं आईची ती पाच मिनिटंही गेली, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. मदत करायला गेले आणि तिचा वारा बंद केला.

ती गेली त्याच वर्षी, मार्गशीर्षात. अण्णा सकाळच्या एस.टी.नं अलिबागला गेले होते. महिन्यातून एकदा ते कचेरीत जाऊन लाइनची चौकशी करायचे. बाराच्या सुमारास आईला धाप लागली. खाली गिऱ्हाईक होतं, मदतीच्या बाई चहा देत होत्या. मी आईला टेकवून बसवलं, पाठ चोळली, गरम पाणी दिलं. ती माझं मनगट धरून म्हणाली, "मला वर ने गो. खिडकीपाशी."

तिनं हे आयुष्यात पहिल्यांदा मागितलं. मी पळत गल्ल्यामागच्या चाव्यांच्या पाटीपाशी गेले आणि एक नंबरची चावी काढली. पितळी बिल्ला, त्यावर कोरलेला मोठा एक. चावी मुठीत घेऊन परत आले, आईच्या काखेत हात घातला, जिन्याच्या तोंडापर्यंत तिला आणलं. आणि मग मी थांबले.

का थांबले ते मी पन्नास वर्षं स्वतःला विचारते आहे. कुणी अडवलं नव्हतं. गिऱ्हाइकांपैकी कुणी मान वर करूनही पाहिलं नव्हतं. मला फक्त एवढंच वाटलं, की अण्णांना न विचारता कसं उघडायचं. एकची एस.टी. यायला थोडाच वेळ होता. मी म्हटलं, "अण्णा येऊ देत हं आई. आता येतीलच. त्यांना विचारून लगेच नेते."

"बरं," आई म्हणाली. ती एकदाच बोलायची. मी तिला जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसवलं आणि तिथेच, माझ्या खांद्याला टेकून, ती गेली.

रस्त्यावर एस.टी. थांबली. कंडक्टर ओरडला, "रेल्वे हॉटेल!" अण्णा चौदा पायऱ्या भराभर चढून दारातूनच म्हणाले, "ऐकलंत का, पुढचं काम होणार म्हणतायत!" मग त्यांनी आम्हाला पाहिलं. गलका झाला, लोक धावले, कुणी डॉक्टरांना आणायला गेलं. त्या गडबडीत मी उठले आणि चावी पाटीवर होती तशी अडकवून टाकली. कुणाला दिसलं नाही.

तेराव्याला सगळे पाहुणे जेवून उठल्यावर मी अण्णांना म्हणाले, "तुमच्या त्या उतारूनं माझ्या आईला खाल्लं." हे मी सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले. कुणीतरी मला गप्प करू लागलं. अण्णांनी मान खाली घातली आणि ते पाण्याचा तांब्या घेऊन वर गेले. त्या दिवसापासून ते काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं.

पुढे मी शिक्षिका झाले, पेणच्याच एका शिक्षकाशी लग्न झालं, आणि माझा संसार पेणला सुरू झाला. रोह्याला मी वर्षातून दोनदा जायची, आईच्या तिथीला आणि ओवाळायला भाऊ नसतानाही दिवाळीत. दर वेळी अण्णा थोडे वाकलेले आणि हॉटेल थोडं जास्त काळवंडलेलं. मदतीच्या बाई थकल्या, चहा बंद झाला. एक कमान कुंपणाच्या कुपाटीसारखी वेलींनी भरून गेली. तरी शनिवारी टॉवेल बदलला जायचा. मी त्यांच्याशी नीट बोलायची नाही. जेवायला वाढायची, कपडे धुवायची, आणि शब्द मोजून टाकायची. त्यांनी माझ्या त्या वाक्याला कधी उत्तर दिलं नाही आणि मी ते कधी मागे घेतलं नाही. दोष सगळा त्यांच्याकडे ठेवला की मला माझा दिसायचा नाही. हा हिशोब मला सोयीचा होता.

आणि मग गाडी आली. खरोखर आली. मला दोन मुलं झाल्यावर, आई गेल्याला वीसेक वर्षं होत आल्यावर. पेणचं स्टेशन झालं, कासू झालं, नागोठणं झालं, आणि शेवटी रोहा. पण स्टेशन झालं ते गावाच्या पार दुसऱ्या अंगाला, आमच्या हॉटेलपासून चांगलं लांब. डब्यांना पुढे जुंपलेलं इंजिन डिझेलचं होतं. विजेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

एवढ्यानंही भागलं नाही. एस.टी.च्या थांब्याचं नाव रेल्वे हॉटेल. खेड्यापाड्यांतून गाडी धरायला येणारे लोक 'रेल्वे' एवढं ऐकून तिथेच उतरू लागले. डोक्यावर ट्रंका, काखेत पोरं. समोर इंजिन काढलेली पाटी, वर घड्याळ. बिचारे पायऱ्या चढून वर यायचे आणि अण्णांना विचारायचे, "बाबा, ठेसन कुटं हाय?"

अण्णा सांगायचे. मग म्हणायचे, "गाडी आता मिळायची नाही. दमला असाल. बसा, खोली आहे." लोक त्यांना शिव्या देत पळत सुटायचे. ज्या रेल्वेसाठी त्यांनी हॉटेल बांधलं, त्या रेल्वेची माणसं त्यांच्या दारातून गाडी चुकवून जात होती. हे मला रोह्याच्या एका ओळखीच्या बाईंनी हसत हसत सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला अण्णांचा राग आला नाही.

महिन्याभरानं त्यांचं कार्ड आलं. दोनच ओळी. 'गाडी सुरू झाली. उतारू अद्याप नाही.' मी ठरवलं की आता हे पुरे. जाऊन कुलूप लावायचं आणि त्यांना पेणला घेऊन यायचं. शाळेला सुट्टी होती. मुलांना सासूबाईंकडे ठेवलं आणि निघाले. एस.टी.नंच जाणार होते, पण पेणला स्टँडवर गर्दी होती आणि शेजारणीनं म्हटलं, गाडीनं जा की. म्हणून गेले. त्यात माझा काही हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगते.

रोह्याला उतरले तर तिकीट घ्यायला कुणी नव्हतं. ते मुठीतच राहिलं. गाव पार करून, उन्हातून, चालत हॉटेलपाशी आले. अण्णा गल्ल्यावर बसले होते, पांढरी टोपी घालून.

"उन्हाची आलीस? एस.टी. तर गेली मघाशी," ते म्हणाले.

"गाडीनं आले अण्णा."

त्यांनी कान पुढे केला. "कशानं?"

मी मूठ उघडून तिकीट मेजावर ठेवलं. तो जाड पुठ्ठ्याचा लहानसा तुकडा त्यांनी उचलला, डोळ्यांजवळ नेला, उलटून पाहिला. पेण ते रोहा. मग ते उठून उभे राहिले. टोपी नीट केली. आणि माझ्या जन्मदात्या वडिलांनी मला म्हटलं, "या. बसा. प्रवास नीट झाला ना आपला?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. ते चेष्टा करत नव्हते. त्यांनी खणातून एक वही काढली, हातानं रेघा मारलेली. नाव, गाव, कोणत्या गाडीनं आलात. पहिलं पान कोरं, कडेनं पिवळं पडलेलं. मी लिहिलं. काय करणार होते? लिहून होईपर्यंत त्यांनी पाटीवरची चावी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. पितळी बिल्ला घासून घासून लख्ख ठेवलेला. माझ्या हातात तो दुसऱ्यांदा येत होता. मी त्याला ओळखलं.

जिना मी एकटी चढले. उतारूबरोबर मालकानं वर जायचं नसतं, असं त्यांनी मुंबईत पाहिलं असावं. खोली तशीच होती. मच्छरदाणी जीर्ण झालेली, आरशावर डाग, पण टॉवेल धुतलेला आणि तांब्यात पाणी ताजं. मी पेला उचलला नाही. गादीला हात लावला नाही. खाडीकडची खिडकी उघडली आणि तिच्याखाली, भिंतीला पाठ लावून, जमिनीवर बसले. दुपार कलली होती. वारा आला. तो नुसता आला आणि छाती भरली, काही करावं लागलं नाही. एवढंच हवं होतं तिला. चौदा-पंधरा पायऱ्या वर, एवढ्याच अंतरावर होतं ते. मी तोंडात पदर कोंबून रडले.

दारावर टकटक झाली. अण्णा कपबशी घेऊन उभे होते. स्वतः केलेला चहा, बशीत सांडलेला. मला जमिनीवर पाहून त्यांचा चेहरा पडला. "खाली का बसलात? गादी चांगली नाही का?"

"आई इथे बसायची," मी म्हटलं. "पाणी ठेवायला यायची ना रोज, तेव्हा. पाच मिनिटं. इथे तिला श्वास यायचा."

त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी कपबशी हळूच खुर्चीवर ठेवली. मग एका हातानं भिंत धरत, गुडघे मोडत, ते माझ्याशेजारी जमिनीवर बसले. खिडकीखालच्या भिंतीला एका जागी चुना घासून गेला होता, पाठ टेकून टेकून. त्यांनी त्या जागेवर तळवा ठेवला. इतकी वर्षं खोली झाडताना त्यांनी तो डाग पाहिला असणार. आई होती तेव्हा, भिंतीला ओल आली आहे असं समजून त्यांनी तो दोनदा रंगवला होता आणि तो पुन्हा उमटला होता, असं नंतर म्हणाले.

"मला वाटलं होतं," अण्णा म्हणाले, "मला वाटलं होतं गाडी आधी येईल."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. अण्णा, सगळं तुमच्यामुळे नाही झालं. त्या दिवशी ती स्वतः वर यायला उठली होती, तुम्ही अलिबागला होतात, आणि चावी माझ्या मुठीत होती. तीच ही चावी. वाक्य तयार होतं, ओठांपर्यंत आलं होतं. खाली रस्त्यावर एस.टी. थांबली, कंडक्टर ओरडला, आणि कुणीतरी पायऱ्या चढत विचारू लागलं, स्टेशन कुठे आहे म्हणून. अण्णा भिंत धरून उठले आणि त्यांना वाट सांगायला खाली गेले.

मी म्हटलं, येऊ देत. आले की सांगते. ते वर आले तेव्हा मी चहा पीत होते आणि चहा चांगला झालाय एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन पेणला आले. ते आमच्याकडे चार वर्षं राहिले, आणि तेराव्याला मी केलेला आरोप उरावर घेऊनच गेले.